दोन-चारचा हात

सेलूच्या स्टेशन रोडला, जिनिंगच्या भिंतीला टेकून आमची लॅब.
हिवाळाभर खिडकीच्या जाळीत कापूस अडकतो.
मी तो काढत नाही.

सुलोचनामावशी बोगार पहिल्यांदा आली तेव्हा
काकणं कोपराकडं ढकलली
आणि सुईकडं न बघता माझा हात बघितला.
"नसरीन, तुझा हात दोन-चारचा."
कडं घालून बघणं नाही, नुसती नजर.
मी तिची शीर शोधत होते तोवर
तिनं माझं माप घेऊन टाकलं.

डोकं ठणकायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर: सीबीसी.
न्यूट्रोफिल बासष्ट, लिम्फोसाइट एकतीस.
खाली शिक्का, मर्यादेत.

चैत्रात परत.
चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झालेला,
पित्तावरचा काढा झालेला, दृष्ट काढून झालेली.
"काहून गं सारखं सारखं रगत काढता?
परभणीला नेऊन इकता का काय?"
अडुसष्ट. सव्वीस.
मर्यादेत.

तिसऱ्यांदा आली पोळ्याच्या आधी.
पिशवीतून हिरव्या काचेच्या सहा काढल्या
आणि माझ्या हातात भरल्या.
साबण लागला नाही, हाड दाबावं लागलं नाही,
सरळ मनगटावर येऊन वाजल्या.
दोन-सहाच्या होत्या.
चाळीस वर्षं जिचं माप चुकलं नाही
तिचं चुकलं, आणि मी म्हणाले,
"राहू दे मावशी, मीच जरा अंग धरीन."
दोघी हसलो.
चौऱ्याहत्तर. एकवीस.
मशीन म्हणालं, मर्यादेत.
मशीनला मागचं आठवत नाही,
त्याच्यापुढं येणारी प्रत्येक नळी पहिलीच.

दिवाळीच्या गर्दीत ती दुकानातच पडली.
मांडणी अंगावर आली, काच काच झाली.
मग संभाजीनगर, स्कॅन, मेंदूत गाठ, लिंबाएवढी.
(गाठी का कोण जाणे, लोक फळांतच मोजतात.)

औंदा मेडिकल कॉलेजच्या तोष्णीवाल मॅडम आल्या.
वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. जुनी रजिस्टरं मागितली.
रोजच्या साध्या तपासण्यांचे आकडे ओळीनं लावले
तर डोक्यातल्या गाठीचा संशय लवकर घेता येईल का,
हे त्या शोधतायत.
"येतो का?" मी विचारलं.
"अजून माहीत नाही. रक्त काही आजाराचं नाव घेत नाही.
फार तर म्हणेल, स्कॅनच्या रांगेत हिला थोडं पुढं उभं करा."

थोडं पुढं.
म्हणजे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, मी मनात मोजलं.

मी वाचत गेले, त्या टाइप करत गेल्या.
बोगार एस., बोगार एस., बोगार एस.
तीन वेगळ्या रजिस्टरांतल्या तीन ओळी
पहिल्यांदाच एका टेबलावर आल्या.
एक आकडा चढत गेलेला, दुसरा उतरत,
एकाच कप्पीवरच्या दोन घागरींसारखे.
आड किती खोल ते वरून दिसत नव्हतं,
पण दोर हलत होता.
तिन्ही शिक्क्यांखाली सही माझी.
"एका बाईवरून काही ठरत नाही हं,"
मॅडम म्हणाल्या. खरंय.
मी पुढचं नाव वाचलं.

मावशी परत दुकानात बसते, डोक्याला रुमाल बांधून.
डावा हात मांडीवर ठेवलेला, बांगड्या सून भरते.
मला बघून म्हणते, "दोन-चार ना गं?"
तो 'ना' आधी नव्हता.

रजिस्टरात मी आता एक उभी रेघ मारते,
नव्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं मागचा लिहिते.
होळंबे सर म्हणाले, याचे जादा पैसे कोण देतंय?
कुणीच नाही, सर.

सहातली एक उरलीय.
नळी उजेडात धरायला हात वर केला
की खणकन कोपराकडं घसरते.